माझा नाद म्हणजे रॉक

माद्रिदच्या बारोन रोहो या हेवी मेटल बँडला कुणी 'स्पेनचे आयर्न मेडन' म्हणजे त्या प्रसिद्ध इंग्रज मेटल बँडची स्पॅनिश आवृत्ती म्हटलं की माझं डोकं सटकतं. परवा ओळखीच्याच एकाने तसं लिहिलं, म्हणून ही लांबलचक पोस्ट. हेवी मेटल म्हणजे नुसत्या कानठळ्या असं ज्यांचं मत आहे, त्यांनी इथूनच पुढे सरकायला माझी ना नाही.

बारोन रोहो म्हणजे लाल बॅरन. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकाचं, रिश्टहोफेनचं टोपणनाव बँडने उचललं. १९८० मध्ये माद्रिदला चौघं जमले. कार्लोस आणि आर्मांदो दे कास्त्रो हे सख्खे भाऊ गिटारवर. बेसवर होसे लुईस काम्पुसानो, ज्याला सगळे 'शेर्पा' म्हणतात. ड्रमवर एर्मेस कालाब्रिया, मूळचा उरुग्वेचा. पुढच्या वर्षी पहिला अल्बम आला. पण खरं नाव झालं ते १९८२ च्या 'वोलुमेन ब्रुताल'ने.

आता 'स्पेनचे मेडन' हे लेबल कुठून चिकटलं तेही सांगतो. हा अल्बम रेकॉर्ड झाला लंडनला, इयन गिलनच्या किंग्जवे स्टुडिओत. होय, तोच डीप पर्पल या इंग्रज रॉक बँडचा गायक गिलन. त्याच्या बँडमधला कॉलिन टाउन्स कीबोर्ड वाजवून गेला, मेल कॉलिन्स सॅक्सोफोन. शिवाय अख्खा अल्बम इंग्रजीतूनही गायला गेला आणि त्या इंग्रजी शब्दांसाठी मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन याने हात लावला. त्याच वर्षी ही मंडळी इंग्लंडच्या रेडिंग फेस्टिव्हललाही वाजवून आली. अल्बममधल्या एका गाण्याचं नावच आहे 'बॅरन इंग्लंडवरून उडतोय'. (खरा बॅरन लढला आणि पडला तो फ्रान्सच्या आकाशात, पण असू दे.) एवढं सगळं वाचून माणूस म्हणणारच, की ही पोरं इंग्रजांची नक्कल करायला निघाली होती.

पण तो अल्बम कान देऊन ऐका. आणि तेव्हाचा स्पेन डोळ्यांसमोर आणा. हुकूमशहा फ्रँको गेला १९७५ च्या नोव्हेंबरात. त्याच्या राज्यात गाण्याचे शब्दसुद्धा सेन्सॉरकडून पास करून घ्यावे लागत. १९८१ च्या फेब्रुवारीत सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलिसदलाचे हत्यारबंद लोक माद्रिदच्या संसदेत घुसले आणि छताकडे गोळ्या झाडल्या. ती भोकं आजही छतात तशीच ठेवली आहेत. बंड फसलं, पण धाकधूक कुठे जाते लगेच? पुढच्याच वर्षी हा अल्बम येतो आणि त्यात 'रेसिस्तिरे' म्हणजे 'मी टिकून राहीन' असं गाणं असतं. (२०२० च्या लॉकडाऊनमध्ये स्पेनभर लोक बाल्कनीत उभे राहून गात होते ते 'रेसिस्तिरे' वेगळं, १९८८ चं, दुओ दिनामिकोचं. माझा स्वतःचा यात बरेच दिवस घोळ होता.)

तेव्हाच्या माद्रिदचं कौतुक म्हणजे 'मोविदा', फ्रँकोनंतर उसळलेली कला-संगीताची लाट: रंगीत केस, कलादालनं, वर्तमानपत्रांत फोटो. हेवी ऐकणारी पोरं मात्र वायेकास, काराबांचेल अशा कामगारवस्त्यांतली. त्यांना ना कलादालनात जागा, ना कौतुकाच्या लेखांत. त्यांची गाणी काढली ती मारिस्काल रोमेरोच्या चापा डिस्कोस या रेकॉर्ड कंपनीने. मोविदावर आजही प्रदर्शनं भरतात. या पोरांचं काय? माद्रिदच्या ग्रान व्हिया या मुख्य रस्त्यावर रेकॉर्डचं एक प्रसिद्ध दुकान होतं, २००५ मध्ये बंद पडलं. त्यानंतरही तिथे लेदर जॅकेट घातलेले, पिकल्या लांब केसांचे दोन जुळे भाऊ वर्षानुवर्षं रोज येऊन कठड्याला टेकून उभे राहायचे. मीही पाहिलंय त्यांना. मागे कपड्यांचं शोरूम, पुढे पर्यटक, आणि हे आपले निवांत.

आता माझा खरा मुद्दा. 'लोस रोकेरोस व्हान आल इन्फिएर्नो', म्हणजे रॉकवाले नरकात जातात, या याच अल्बममधल्या गाण्यात पाच शब्द येतात: 'मी रोयो एस एल रॉक'. यातला 'रोयो' म्हणजे शब्दशः गुंडाळी. माद्रिदच्या रस्त्यावर मात्र त्याचा अर्थ आवड, भानगड, धंदा, लफडं, काहीही. इंग्रजीत याला शब्द नाही. मराठीत आहे: नाद. 'माझा नाद म्हणजे रॉक.' शब्द चपखल बसतो, वर आवाजाचा अर्थ फुकट मिळतो! शब्दकोशात 'रोयो'पुढे चार ओळी वाचूनही मला तो कळला नव्हता, 'काय नाद लागलाय पोराला' हे आजीचं वाक्य आठवलं तेव्हा कळला.

इंग्रजी आवृत्ती मी ऐकली आहे. गिटारी त्याच, ड्रम तेच, आणि गाणारे मात्र दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखे. 'इन्कोमुनिकाथ्योन' (म्हणजे संवादच तुटणं) या अल्बममधल्या गाण्याच्या शब्दाला माद्रिदच्या तोंडी जो शेवटचा दणका बसतो, तो तिथे गायब. जगाला समजावं म्हणून केलेली आवृत्ती आज जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या कपाटात आहे. जी फक्त घरच्यांना समजत होती, ती माद्रिदच्या बारमध्ये अजून लोक घसा फोडून गातात.

अल्बम निर्दोष आहे असं नाही. संथ गाणी जरा लांबतात आणि काही ठिकाणी डीप पर्पलची सावली इतकी गडद आहे की हसू येतं. पण अकाली गेलेल्या रॉकवाल्यांसाठी केलेलं 'कोन्थिएर्तो पारा एयोस' लागलं की मी वाद घालायचा थांबतो.

एका रविवारी माद्रिदच्या रास्त्रो या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याकडे या अल्बमच्या दोन्ही रेकॉर्ड दिसल्या. मी इंग्रजीवाली उचलली. दुर्मिळ म्हणून. त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली, स्पॅनिशवाली हातात ठेवली आणि विचारलं, "तू ऐकणार आहेस की विकणार आहेस?"

कव्हरचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला आहे. वाजते मात्र खणखणीत.