डेव्हिल कार्ड आलं म्हणून कुणाचा फोन तपासू नका

टॅरोबद्दलचा, म्हणजे भविष्य किंवा मन उलगडण्यासाठी काढल्या जाणाऱ्या चित्रांच्या पत्त्यांबद्दलचा, एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच राहतो. डेव्हिल, म्हणजे सैतानाचं कार्ड, प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांच्या ज्ञानातून आलंय, म्हणून त्याचा अर्थ पक्का. ते निघालं की व्यसन, वासना किंवा विश्वासघात आहेच. चित्रातल्या साखळ्या सांगतात की सुटका नाही. नाइन ऑफ कप्ससारखी (नऊ पेल्यांचं कार्ड) सुखाची कार्डं म्हणजे त्याच वाटेवरची पहिली पायरी. कार्ड उलटं, म्हणजे चित्राचं डोकं खाली असं, आलं तरच मोह सुटला. आणि शेवटी सल्ला: जोडीदाराचा फोन तपासा, आणि हे कार्ड डेकमधून, म्हणजे पत्त्यांच्या जोडातून, काढूनच टाका.

मी बरीच वर्षं टॅरो वाचते. पत्ते उद्याचं सांगतात असं मी म्हणत नाही, त्याला पुरावाही नाही. पण समोर चित्र असलं की माणूस एरवी जे बोलत नाही ते बोलायला लागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून या चित्रांवर माझा जीव आहे. चित्रात नसलेलं काहीतरी सांगून कुणाला घाबरवलं जातं, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

इजिप्तचं आधी उरकून टाकते. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झाले, तेही खेळण्यासाठी. त्यांचे लेखी उल्लेख १४४०च्या दशकापासून सापडतात. इजिप्तची कल्पना मांडली आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं, १७८१ साली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी वाचू शकणारा एकही माणूस जगात नव्हता. शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकानं ती उलगडल्याचं जाहीर केलं ते १८२२ मध्ये. त्यामुळे ‘इजिप्तचं आहे म्हणून पक्कं आहे’ या वाक्याला मुळात पायाच नाही.

शिवाय चित्रही एकच राहिलेलं नाही. फ्रान्समध्ये रूढ झालेल्या जुन्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत सैतानाच्या पायाशी दोन छोटे शिंगवाले जीव आहेत, गळ्यात दोर, हात पाठीमागे. आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं ते १९०९ साली लंडनमध्ये छापलेल्या डेकमधलं आहे. कल्पना गूढविद्येवर लिहिणाऱ्या आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. या चित्रात त्या दोन जीवांच्या जागी एक स्त्री आणि एक पुरुष आले. ‘हे कार्ड म्हणजे दोघांमधली वासना’ हा समज याच चित्रावर पोसलेला आहे. म्हणून त्याचं उत्तरही याच चित्रात शोधू या.

तर दुसरा मुद्दा: हे कार्ड निघालं की व्यसन, वासना, विश्वासघात आहेच. या डेकसाठी वेटनं स्वतः पुस्तक लिहिलं, त्यात या कार्डाखाली दिलेले अर्थ असे: विध्वंस, हिंसा, आवेग, असामान्य प्रयत्न, बळ, अटळता. आणि पुढे एक खुलासा, की जे अटळ आहे ते केवळ तेवढ्यामुळे वाईट ठरत नाही. या यादीत दारू नाही, परपुरुष नाही, परस्त्री नाही. तिथे ‘असामान्य प्रयत्न’ आहेत, आणि नेमके तेच या फिरणाऱ्या मजकुरातून गायब झालेत.

आता एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मोहाचा या कार्डाशी काही संबंधच नाही असं मी म्हणणार नाही. वेट या दोघांना अ‍ॅडम आणि ईव्हच म्हणतो, बायबलमधले पहिले पुरुष आणि स्त्री, पण पतनानंतरचे, म्हणजे मना केलेलं फळ खाल्ल्यानंतरचे. हा ‘नंतरचे’ शब्द फार महत्त्वाचा आहे. मोहाचं प्रत्यक्ष चित्र बघायचं तर सहावं कार्ड काढा, लव्हर्स. तिथे हीच दोघं उभी आहेत, हीच जागा धरून. स्त्रीच्या मागे फळांनी लगडलेलं झाड, झाडाला वेटोळं घातलेला साप. पुरुषाच्या मागे ज्याला पानांऐवजी ज्वाळा आहेत असं झाड. वर पंख पसरलेला देवदूत. साप आहे, फळ आहे, सगळा मोह हाताच्या अंतरावर आहे, आणि तरीही त्या कार्डाला कुणी पापाचं कार्ड म्हणत नाही. सगळे त्याला प्रेमाचं म्हणतात.

दोन्ही कार्डं शेजारी ठेवा. मी प्रत्येक वेळी ठेवते, आणि प्रत्येक वेळी पामेलाच्या हाताचं कौतुक वाटतं. पंधराव्या कार्डात, म्हणजे डेव्हिलमध्ये, झाडं गेली आहेत, मागे नुसता काळोख आहे. पण झाडं पुरती गेलेली नाहीत. स्त्रीला शेपूट फुटलंय आणि शेपटाच्या टोकाला द्राक्षांचा घोस आहे. पुरुषाच्या शेपटाच्या टोकाला ज्वाळा आहे, आणि सैतानाच्या हातातली उलटी धरलेली मशाल तिच्यापर्यंत पोचलीय. जे आधी मागे उभं होतं, ज्याच्याकडे हात करायचा की नाही हे ठरवता येत होतं, ते आता अंगाला चिकटलंय. हे मोह होण्याचं चित्र नव्हे. निवडलेली गोष्ट कधी आपला अवयव झाली हे कळलंच नाही, त्याचं आहे.

आपल्या भाषेत यासाठी शब्द वेगवेगळे आहेत, फक्त ते वापरायचे विसरतो. मोह होणं वेगळं. मोहाला बळी पडणं वेगळं. आहारी जाणं आणखी वेगळं. आणि मनापासून उपभोग घेणं तर या तिन्हींतलं काहीच नाही. फिरणारा मजकूर या चारही गोष्टी एकाच पोत्यात भरतो.

मोह होणं बघायचं असेल तर सेव्हन ऑफ कप्स. ढगांवर सात पेले तरंगताहेत: एकात चेहरा, एकात साप, एकात किल्ला, एकात दागिने, एकात विजयाची माळ, एकात विचित्र जनावर, आणि एकात कापडाखाली झाकलेली, तेजानं उजळलेली आकृती. समोरचा माणूस पाठमोरा आहे, नुसती काळी सावली. त्याचा हात उचललेला आहे, पण अजून एकाही पेल्याला लागलेला नाही. इथे गुन्हा घडलेला नाही. फक्त इच्छा झाली आहे.

ज्यांना बेताल चंगळ चितारायचीच होती त्यांनीही ती डेव्हिलवर लादली नाही. अलेस्टर क्राउली या इंग्रज गूढवाद्याच्या थोथ डेकची चित्रं फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात काढली. त्यात याच सात कप्सना ‘डिबॉच’ असं सरळ नाव आहे, म्हणजे ताळतंत्र सोडलेली चंगळ. खाली वाकलेल्या फुलांतून हिरवा चिकट स्राव पेल्यांत ओघळतो. बघतानाच अंगावर येतं. आणि त्याच डेकमध्ये स्ट्रेंग्थ कार्डाचं नाव बदलून ‘लस्ट’ केलं आहे. तिथे अनेक मुखांच्या सिंहावर एक स्त्री मुक्तपणे आरूढ झाली आहे. म्हणजे ज्या परंपरेचा हवाला देऊन वासनेची भीती घातली जाते, त्याच परंपरेतल्या एका डेकमध्ये वासना हे बळाचं नाव आहे.

नाइन ऑफ कप्सवर झालेला अन्याय मला सगळ्यात जास्त खुपतो. बाकावर एक धष्टपुष्ट माणूस हाताची घडी घालून बसलाय, मागे निळ्या कापडावर नऊ पेले ओळीनं मांडलेत. वेटच्या मते हा पोटभर मेजवानी झालेला माणूस आहे, आणि अर्थ आहेत सलोखा, समाधान, शरीराचं सुख. तो तृप्त आहे. त्याचे हात पेल्यांकडे जात नाहीत, घडी घालून निवांत आहेत. आहारी गेलेल्या माणसाचे हात असे असतात का? तृप्तीला व्यसनाची पहिली पायरी म्हणणाऱ्यानं या हातांकडे एकदा नीट पाहावं.

हातांवरूनच साखळीकडे येते. मागे एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. हाच मजकूर बहिणीनं पाठवलेला, त्याच आठवड्यात घरी सहज काढलेलं कार्ड डेव्हिल निघालं. नवऱ्याचा फोन त्यांनी तीन रात्री तपासला. काहीच सापडलं नाही, आणि काही सापडलं नाही म्हणून संशय आणखी वाढला. मी अर्थ सांगितला नाही. कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘ताई, मला दिसत नाहीये असं समजा आणि यात काय आहे ते सांगा.’

त्यांनी शिंगं सांगितली, वटवाघळाचे पंख सांगितले. मग बोट साखळीवरून कडीपासून वर गळ्यापर्यंत नेलं आणि थांबल्या. ‘अहो, ही तर सैल आहे,’ म्हणाल्या. ‘डोक्यावरून सहज निघेल. आणि हिचे हात मोकळे आहेत की.’ बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘काल रात्री पण तपासला मी. तपासायचा नाही असं ठरवून झोपले होते.’

त्या दिवशी नवऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हा ‘सुटका नाही’ हा दावा चित्रच खोडून काढतं. मार्सेय पत्त्यांतले मागे गेलेले हात पामेलानं पुढे आणून मोकळे ठेवले, आणि फास इतका ढिला काढला की डोकं सहज बाहेर यावं. वेटनंही लिहून ठेवलंय की या दोघांच्या चेहऱ्यांवर मानवी बुद्धी आहे, आणि वर बसलेला त्यांचा कायमचा धनी राहणार नाही. पुढे तर तो म्हणतो की तो वर बसलेलाही बांधलेलाच आहे. मात्र ‘साखळी सैल आहे, मग काढत का नाहीस?’ असं कुणाला दरडावून विचारायलाही हे कार्ड वापरू नये. खऱ्या व्यसनात अडकलेल्या माणसाला साखळी सैल वाटत नाही. त्याला डॉक्टर लागतो, समुपदेशन लागतं, सोबत लागते; पत्ता पुरत नाही. रीडिंग करणाऱ्या प्रत्येकानं आपली हद्द ओळखून तिथे थांबलंच पाहिजे.

उलट्या कार्डाबद्दल थोडक्यात. ‘उलटं आलं म्हणजे सुटका’ हा अर्थ आज बरेच रीडर सांगतात, कधी मीही सांगते, कारण चित्र उलटं धरलं की साखळी गळून पडेल असं वाटतं. पण तो जुना, पक्का नियम असल्याच्या थाटात सांगू नये. वेटनं उलट्या डेव्हिलपुढे दिलंय: वाईट अटळता, दुबळेपणा, क्षुद्रपणा, आंधळेपणा. यात सुटकेचं नावही नाही. आणि ज्या नाइन ऑफ कप्सला बदनाम केलं जातं, ते उलटं आल्यावर पहिले तीन अर्थ आहेत सत्य, निष्ठा आणि स्वातंत्र्य.

राहिला शेवटचा सल्ला, कार्ड काढून टाकण्याचा. त्यासाठी एक दाखला नेहमी दिला जातो: मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्याच्या पंधराव्या शतकातल्या हातानं रंगवलेल्या पत्त्यांत डेव्हिल नाही, म्हणजे तेव्हाही लोक ते बाळगत नसत. त्या जोडातले ७४ पत्ते आज उरलेत हे खरं. पण जे चार नाहीत त्यांत डेव्हिलबरोबर टॉवर आहे, थ्री ऑफ सोर्ड्स आहे आणि नाइट ऑफ कॉइन्सही आहे. घोड्यावरच्या त्या सरदाराला कोण कशाला घाबरून फेकेल? साडेपाचशेहून जास्त वर्षांत चार पत्ते हरवले, एवढंच यावरून म्हणता येतं.

आणि काढून टाकलंच तर काय होतं तेही बघा. चौदावं कार्ड टेंपरन्स: एक पाय पाण्यात आणि एक जमिनीवर ठेवून देवदूत एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओततोय. त्याच्या पुढे थेट सोळावं, टॉवर: वीज पडलीय, मुकुट उडालाय, दोन माणसं वरून कोसळताहेत. मधे ती दोघं कुठे उभी होती, कशाला बांधलेली होती, ते दाखवणारं एकमेव चित्र डेकमधून गेलेलं असतं.