‘आयएसओ टाका, मेनू आपोआप येतो’: एका फॉरवर्डची झाडाझडती

हा मजकूर माझ्याकडे आतापर्यंत चार वेगवेगळ्या गटांतून आला. शेवटचा आमच्या सोसायटीतल्या एका काकांकडून, खाली हात जोडलेल्या इमोजींसह. थोडा आटोपता करून देतो (आयएसओ म्हणजे अख्खी सीडी-डीव्हीडी एका फाइलीत, इमेज म्हणजे डिस्कची साठवून ठेवलेली प्रत, बायोस म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगचं पान):

‘फॉरमॅटसाठी दुकानदाराला हजार रुपये देऊ नका. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, फॅट३२ फॉरमॅट करा, सगळ्या आयएसओ त्यात कॉपी करा. मेनू आपोआप येतो. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, लेगसी चालू करा. मग सगळ्या विंडोजची इमेज त्याच पेनड्राइव्हवर घ्या. डिस्क गेली तर कोणत्याही कॉम्प्युटरवर, कोणत्याही डिस्कवर वीस मिनिटांत जशीच्या तशी परत. एकदा करा, आयुष्यभर निर्धास्त राहा. तयार ऑल-इन-वन फाइल खालच्या लिंकवर.’

मी एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. इमेज घेणं आणि टाकणं हे माझं परीक्षेआधीचं ठरलेलं काम. या मजकुरातलं निम्मं खरं आहे, आणि खरा त्रास त्या निम्म्याचाच आहे. सगळंच खोटं असतं तर कोणाचा पेनड्राइव्ह सुरूच झाला नसता आणि कोणाचं काही बिघडलंही नसतं.

‘सगळ्या आयएसओ कॉपी करा, मेनू आपोआप येतो’

येत नाही. मधली एक पायरी कोणीतरी फॉरवर्ड करता करता गाळली आहे.

जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीचं यंत्र पेनड्राइव्हचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडसाठी, मग चार पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, आणि शेवटी दोन बाइटची सही. नव्या पद्धतीचं, म्हणजे यूईएफआयचं यंत्र फॅट पार्टिशनवर ‘ईएफआय’ फोल्डरात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची एक फाइल शोधतं. दोघांनाही आयएसओ म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्यांच्या लेखी ती लग्नाच्या व्हिडिओसारखीच एक मोठी फाइल. तुम्ही दहा आयएसओ टाका नाहीतर शंभर, यंत्र ‘बूट करण्याजोगं (सुरू होण्याजोगं) काही नाही’ एवढंच सांगणार.

गाळलेली पायरी म्हणजे बहुधा व्हेंटॉय. हे मुक्त सॉफ्टवेअर २०२० मध्ये आलं आणि आमच्यासारख्यांचा बराच वैताग वाचला. आधी ते पेनड्राइव्हवर बसवायचं. बसवताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, हेही फॉरवर्डात नाही. मुलांचे वाढदिवसाचे फोटो आधी काढून ठेवा. मग पेनड्राइव्हचे दोन भाग होतात: एक मोठा, आणि एक जेमतेम ३२ एमबीचा, ज्यात सगळी करामत असते. त्यानंतर मात्र काकांचं म्हणणं शब्दशः खरं. मोठ्या भागात क्लोनझिला आणि रेस्क्यूझिला (इमेज घेणारी, लिनक्सवर चालणारी साधनं), जीपार्टेड (पार्टिशन लहानमोठी करणारं), विंडोजची आयएसओ टाकली की चालू करताना तीच यादी मेनू म्हणून समोर येते.

व्हेंटॉयच्या आधी मी ग्रब या बूटलोडरचा (सुरुवातीला कुठली प्रणाली उठवायची ते पाहणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) मेनू हाताने लिहायचो. प्रत्येक आयएसओसाठी चार ओळी: फाइल कुठे आहे, तिच्या आतली कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा कुठे, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे सुरू झालेल्या कर्नलला पुन्हा सांगायचं की बाबा, तुझं उरलेलं घर या आयएसओच्या आतच आहे. ही शेवटची गोष्ट राहिली की मेनू छान दिसतो, निवडल्यावर ओळी पळतात, आणि मग काळ्या पडद्यावर यंत्र आपलंच घर शोधत बसतं. क्लोनझिलाची नवी आवृत्ती आली, फाइलचं नाव बदललं, की तो मेनूही मोडायचा. पेनड्राइव्हवर नुसती आयएसओ असणं आणि ती तिथून चालणं यांत एवढं अंतर आहे.

‘फॅट३२ फॉरमॅट करा’

फॅट३२ ही फाइली मांडून ठेवायची जुनी पद्धत, तीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहत नाही. विंडोज ११ ची आयएसओ त्याहून मोठी असते. म्हणजे याच फॉरवर्डमधलं पुढचं वाक्य पाळायला गेलं की हे वाक्य आडवं येतं. सल्ल्याचं मूळ मात्र समजतं: यूईएफआयला फॅट वाचता येतं, म्हणून कोणी तसं सांगितलं असेल. व्हेंटॉय त्यासाठीच तो छोटा वेगळा भाग ठेवतं, आणि मोठा भाग आपोआप एक्सफॅट या मोठ्या फाइली चालणाऱ्या पद्धतीचा करतं. तुम्ही आधी काय फॉरमॅट केलं होतं याला अर्थच उरत नाही.

‘सिक्युअर बूट बंद करा, लेगसी चालू करा’

या एका वाक्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

आधी लेगसी. गेल्या काही वर्षांतलं विंडोज जीपीटी (पार्टिशनांची नोंद ठेवायची नवी) पद्धतीच्या डिस्कवर यूईएफआयमधून बसलेलं असतं. लेगसी चालू केलं की पेनड्राइव्ह कदाचित सुरू होईल, पण काम झाल्यावर विंडोज उठणार नाही, आणि माणूस समजतो की इमेज घेताना डिस्क उडाली. नव्या लॅपटॉपमध्ये तर हा पर्याय बहुधा नसतोच. इंटेलने तो काढून टाकायचा बेत २०१७ मध्येच जाहीर केला होता.

आता सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी तपासणी. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर डिस्कची किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते, आणि चिप ती कधी सोडते? यंत्र सुरू होतानाची परिस्थिती नेहमीसारखी असेल तरच. सिक्युअर बूटची स्थिती त्याच परिस्थितीत मोजली जाते. ती बदलली की निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ‘आम्ही बिटलॉकर लावलंच नाही’ असं म्हणू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरलात तर, डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचंच एक रूप, न विचारता चालू होतं.

आमच्या ओळखीतल्या एका शिक्षिकाबाईंनी हे फॉरवर्ड वाचून रविवारी सकाळी सिक्युअर बूट बंद केलं. लॅपटॉपने की मागितली. ती कुठे असते? मायक्रोसॉफ्ट खात्यात. खातं कोणाचं? लॅपटॉप विकणाऱ्याने घाईत स्वतःच्याच ईमेलवर उघडून दिलेलं. विकणारा गावाला गेलेला. दुष्काळात तेरावा महिना. फोनवर मी एकच सुचवलं: जे बंद केलं ते पुन्हा चालू करा. केलं, आणि विंडोज उठलं. मग पहिलं काम म्हणून की कागदावर उतरवून घेतली. बाईंचं नशीब की त्यांनी त्या सकाळी चिप ‘क्लिअर’ करण्याचा पर्याय दाबला नाही. तोही त्याच पानावर होता.

बरं, हे बंद करायची गरज तरी आहे का? उबुंटूवर आधारलेली क्लोनझिला सिक्युअर बूट चालू असतानाच सुरू होते. व्हेंटॉयही होतं: नव्या यंत्रावर पहिल्यांदा एक निळा पडदा येतो, त्यात पेनड्राइव्हवरची किल्लीची फाइल निवडून नोंदवायची, यंत्रागणिक एकदाच. पडदा परका दिसतो म्हणून लोक घाबरून बायोसमध्ये शिरतात. आपल्या यंत्रावर ही किल्ली कायमची नोंदवणं तुम्हाला पटत नसेल तर तेही मला मान्य आहे. मग क्लोनझिलापुरता वेगळा पेनड्राइव्ह ठेवा. आणि सिक्युअर बूट बंद करणं भागच पडलं, तर आधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर तात्पुरतं थांबवा.

‘इमेज त्याच पेनड्राइव्हवर घ्या’

३२ जीबीत? क्लोनझिला वापरात असलेलेच ब्लॉक उचलते, रिकामी जागा सोडून देते, वर दाबून लहानही करते. तरी ९० जीबी भरलेल्या डिस्कची इमेज ३२ जीबीत बसेल असं धरून चालू नका. फोटो-व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते आणखी फार दबत नाहीत. बिटलॉकरने कुलूपबंद असलेलं पार्टिशन क्लोनझिलाला उघडून वाचता येत नाही, म्हणून ती ते सेक्टरमागून सेक्टर, रिकाम्या जागेसकट उचलते. २५६ जीबीच्या डिस्कची इमेज मग जवळपास तेवढीच.

जागा असली तरी वेग पाहा. स्वस्त पेनड्राइव्ह सलग लिहायला लागला की सेकंदाला १० एमबीवर येतो. त्या हिशेबाने ५० जीबी लिहायला सव्वा तासाहून जास्त. तेच यूएसबी ३ च्या बाहेरच्या हार्डडिस्कवर दहा-पंधरा मिनिटांत होतं. ‘वीस मिनिटांत’ हा आकडा तिथून आला असावा. आणखी एक अडचण: क्लोनझिला व्हेंटॉयवरून चालू असते तेव्हा व्हेंटॉयचा मोठा भाग आधीच अडकलेला असतो, त्यावर सरळ लिहिता येत नाही. व्हेंटॉय बसवताना शेवटी जागा राखून तिथे वेगळं पार्टिशन करता येतं. पण मी म्हणतो, बाहेरची डिस्क घ्या. खिशातून पेनड्राइव्ह पडला तर निदान इमेज तरी घरी राहील.

‘कोणत्याही डिस्कवर, जशीच्या तशी’

आपल्याकडे सर्वात जास्त होणारं काम म्हणजे जुन्या लॅपटॉपमधली ५०० जीबीची हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी घालणं. भरलेलं असतं जेमतेम ६० जीबी. माणूस म्हणतो, सहज बसेल. क्लोनझिला नाही म्हणते, कारण ती भरलेल्या मजकुराचं नाही, पार्टिशनचं माप पाहते. नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी, हा तिचा मूळ नियम. ५०० च्या जागी ४८० घातली तरी तेच.

वाट आहे, पण वीस मिनिटांची नाही. आधी विंडोजमधून सी ड्राइव्ह आखडायचा. तो पुष्कळदा मध्येच अडतो, कारण न हलणाऱ्या फाइली मध्यावर ठाण मांडून असतात. मग डिस्कच्या शेवटी बसलेलं रिकव्हरी पार्टिशन जीपार्टेडने अलीकडे सरकवायचं. सगळं नव्या डिस्कच्या मापात आलं की क्लोनझिलाच्या तज्ज्ञ पर्यायांत जाऊन डिस्कच्या आकाराची तपासणी वगळायला सांगायचं. या उपद्व्यापापेक्षा विंडोज नव्याने बसवून फाइली कॉपी करणं पुष्कळदा सोपं पडतं, आणि तसं सांगायला मला लाज वाटत नाही.

‘कोणत्याही कॉम्प्युटरवर’ हेही तसंच. डिस्क कंट्रोलर एका यंत्रात एएचसीआय आणि दुसऱ्यात रेडवर (डिस्कशी बोलायच्या या दोन वेगळ्या पद्धती) असेल तर विंडोज निळ्या पडद्यावरच थांबतं. लॅबमध्ये एकच इमेज वीस यंत्रांवर टाकायची तर इमेज घेण्याआधी सिसप्रेप, म्हणजे विंडोजमधून त्या यंत्राची खास ओळख पुसणारं साधन, चालवावं लागतं. मायक्रोसॉफ्टला तशीच पद्धत मान्य आहे. एका वर्षी मी आळस केला. सगळ्या यंत्रांचं नाव एकच, आणि नेटवर्कवर दिवसभर गोंधळ.

विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’बद्दल फॉरवर्ड गप्प आहे. ते चालू असताना शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं, अर्धी झोप असते. विंडोजचं (एनटीएफएस) पार्टिशन उघडंच राहतं आणि क्लोनझिला इमेज घ्यायला नकार देते. उपाय गमतीदार आहे: शटडाउन न करता रीस्टार्ट करा आणि तिथून पेनड्राइव्हवर जा. रीस्टार्टमध्ये विंडोज खरंच पूर्ण बंद होतं.

‘एकदा करा, आयुष्यभर निर्धास्त’

क्लोनझिलाच्या मेनूत ‘डिस्क साठवा’ आणि ‘डिस्क परत टाका’ हे पर्याय एकाच यादीत असतात. घाईत, पहाटे दोन वाजता, मी एकदा उलटा निवडला आहे. ती दोनदा विचारते. मी दोन्हीदा हो म्हटलं. सुदैवाने ती लॅबची डिस्क होती, कोणाच्या प्रबंधाची नव्हती. तेव्हापासून डिस्क ओळखताना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर भरवसा ठेवत नाही. मॉडेल आणि आकार वाचून दाखवायला शेजारी कोणीतरी उभं करतो.

पेनड्राइव्हही आयुष्यभराचा नसतो. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेक यंत्रांनी जुन्या लिनक्स पेनड्राइव्हना दार लावलं, कारण त्यातले जुने बूटलोडर असुरक्षित ठरवले गेले. सिक्युअर बूटमागचं मायक्रोसॉफ्टचं २०११ चं प्रमाणपत्रही जून २०२६ पर्यंतचंच. त्यापुढचे बूटलोडर २०२३ च्या प्रमाणपत्राने सही होतात, आणि जुन्या यंत्राला ते ओळखायला अपडेट लागतं. तेव्हा व्हेंटॉय आणि आयएसओ वर्षातून एकदोनदा नव्या करून घ्याव्याच लागतात.

‘डिस्क गेली तर’ म्हणजे नेमकं काय, हेही पाहा. डिस्क खडखडायला लागल्यावर पहिल्यांदा इमेज घ्यायला बसणं म्हणजे वरातीमागून घोडं. वाचनात चूक आली की क्लोनझिला थांबते. तिथे आधी डीडीरेस्क्यू हे बिघडलेली डिस्क वाचणारं साधन लागतं, जे चांगला भाग आधी उचलतं, वाईट भागाची नोंद ठेवतं आणि मग त्याच्याकडे वळतं.

राहिली ती लिंक आणि ते हजार रुपये. क्लोनझिला तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेली, फुकट, व्हेंटॉय फुकट. पैसे वाचतात हे काकांचं म्हणणं बरोबर. म्हणूनच कोणा अनोळख्याने बांधलेली ‘ऑल-इन-वन’ फाइल उचलायचं कारण नाही. ती विंडोजच्या बाहेर चालते, तुमच्या अँटिव्हायरसला न विचारता, आणि सगळी डिस्क तिच्या हातात असते. मूळ जागेवरून उतरवा आणि तिथे दिलेला शा-२५६ चा आकडा (फाइलीचा जणू बोटाचा ठसा) आपल्या फाइलशी जुळवून पाहा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासून असते.

काकांना मी हे सगळं लिहिलं नाही. त्यांच्या घरी गेलो, बिटलॉकरची की त्यांच्या डायरीत उतरवून दिली, जुन्या २५० जीबीच्या हार्डडिस्कवर इमेज घेतली आणि क्लोनझिलाला ती तपासायला लावली. मग कपाटात पडलेल्या ३२० जीबीच्या डिस्कवर ती टाकून लॅपटॉप त्यावर सुरू करून पाहिला. तीन तास लागले आणि दोन चहा झाले. विंडोज उठलं, प्रिंटर सापडला नाही. तो आधीपासूनच सापडत नव्हता, असं काकू म्हणाल्या.