सात सेकंदांच्या लोगोबद्दल आलेल्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी द्यायची हलत्या लोगोची फाइल तुम्हाला रात्री साडेदहाला मिळाली. ऐन सणात तुमच्या चॅनलच्या माणसांची धावपळ झाली. चूक आमची, मनापासून माफी मागतो.

पण ‘सात सेकंदांच्या लोगोचे अठरा हजार ही लूट आहे, माझा भाचा एका संध्याकाळी मोबाइलवर करून देईल’ हे वाक्य फार लागलं. म्हापशात आम्ही दोघं चौदा वर्षं हा स्टुडिओ चालवतोय. लूट हा शब्द आजवर कोणी वापरला नव्हता.

टीव्हीवर सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, जातात, म्हणजे सात सेकंदांच्या १७५. तुमचा लोगो आम्हाला मिळाला तो लेटरहेडचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर. मूळ फाइल तीनदा मागितली, ती आली नाही, म्हणून एकेक अक्षर नव्याने रेखाटलं. समईच्या ज्योतीतून नाव उमटणार असं ठरलं होतं. अकराव्या दिवशी तुमचा फोन आला, समई नको, माटोळी हवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगलेली चौकट. कल्पना सुंदरच होती, पण माटोळीला टांगलेला नारळ जड, तो संथ हलतो. सुपारीचा घोस वेगळा, आंब्याचे टाळे, म्हणजे डहाळ्या, त्याहून वेगळे. सगळं एकाच लयीत हललं की खोटं दिसतं, म्हणून प्रत्येकाचं झुलणं वेगळं केलं. उशीर तिथे झाला. त्याचा एक रुपयाही जास्त लावला नाही.

नावाखालची सोनेरी रेघ ‘सांगितल्यापेक्षा जाड’ वाटली, तेही सांगतो. तुमच्या प्रसारणात चित्राच्या सम आणि विषम ओळी आळीपाळीने जातात. एका ओळीएवढी बारीक आडवी रेघ कॉम्प्युटरवर स्थिर दिसते, घरच्या जुन्या टीव्हीवर थरथरते. आम्ही लावून बघितली, म्हणून जाड केली. हे तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं.

दूरदर्शनचं बोधचिन्ह आठवा. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, देवाशिष भट्टाचार्य यांनी ते काढलं, आर. एल. मिस्त्री यांनी चित्रांच्या प्रती कॅमेऱ्याखाली फिरवून ते हलतं केलं, आणि १९७६ पासून त्या सुरावटीसकट ते घराघरांत पोचलं. तेही काही सेकंदांचंच. ते किती सेकंदांचं आहे, हे मोजून त्याची किंमत कोणी केली नाही.

यापुढे तारखा आणि बदलांचा हिशोब आधी कागदावर घेऊ, अजूनही काही सुधारणा करतोय. तुमच्या कामाच्या सगळ्या फाइली इथे आहेत, कधीही या, भाच्यालाही आणा, बसून दाखवतो. अभिप्राय काढा असं म्हणत नाही. फक्त ‘लूट’ तेवढं मागे घ्या, साहेब. दिवाळीच्या कामांसाठी विचारणारे आधी हेच वाचतात.