‘उधारीची वही’ या प्रतिक्रियेस उत्तर

प्रिय बंधू,

सप्रेम जय ख्रिस्त.

माझ्या मागच्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि दुसऱ्या खेपेस ती पहिल्यापेक्षा अधिक लागली, हे लपवत नाही. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ख्रिस्ती माणसाने अंथरुणाला खिळण्याची वाट न पाहता, हातपाय धड असतानाच मोडलेली नाती जोडावीत, देणी फेडावीत, ज्यांची क्षमा मागायची त्यांची मागावी आणि मृत्युपत्र करून ठेवावे, म्हणजे शेवटच्या दिवसांत खंत थोडी उरते, असे मी लिहिले होते. त्यावर आपण लिहिलेत, “ताई, भावना बाजूला ठेवून शास्त्र वाचा. तुमचा लेख म्हणजे किराणा दुकानातली उधारीची वही आहे. आपला ऋणलेख वधस्तंभावर खिळला गेला, आता कसली खाती मांडता?” ऋणलेख म्हणजे आपल्या पापांच्या देण्याचा लेख; ख्रिस्ताच्या वधस्तंभाने तो रद्द झाला, असे प्रेषित पौल नव्या करारातील कलस्सैकरांस पत्रात लिहितो. याखेरीज आपण पंडिता रमाबाईंविषयीच्या मजकुरातील एक साल चुकल्याचे दाखवलेत, वधस्तंभावरच्या चोराचा दाखला दिलात, मृत्युपत्राचा विषय ऐहिक आहे म्हणालात आणि लेख लांबल्याची तक्रार केलीत.

सालाबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी वारल्या आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. मी दोन्ही मृत्यू एकाच वर्षात घातले होते. चूक माझी आहे, ती दुरुस्त केली आहे आणि ती दाखवल्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे.

येशूशेजारी खिळलेल्या आणि शेवटच्या घटकेला केवळ विश्वासाने सुखलोक मिळालेल्या त्या चोराचा दाखला मला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. त्याचे हात खिळलेले होते, त्याला कोणाच्याही दारी जाता येत नव्हते. आपले हात मोकळे आहेत. यावर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही. मृत्युपत्राबद्दल एवढेच सांगते की, ते नसेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती पुरुषाच्या विधवेला मालमत्तेचा एक तृतीयांश आणि मुलामुलींना मिळून दोन तृतीयांश हिस्सा जातो. राहते घर एवढीच ज्याची मिळकत आहे, त्याच्या म्हाताऱ्या पत्नीने त्यानंतर कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, याचा विचार करणे ऐहिक असेल, तर त्या विधवेचे अश्रूही ऐहिकच म्हणावे लागतील. लेखाच्या लांबीविषयी मला काही म्हणायचे नाही.

मला बोलायचे आहे ते ‘भावना बाजूला ठेवून’ आणि ‘उधारीची वही’ या दोन शब्दप्रयोगांविषयी. मतभेद असू शकतो. आपल्या मंडळीत कृपा आणि कृती यांवर वाद घालणारे पुष्कळ सज्जन मी पाहिले आहेत आणि त्यांच्या पायाशी बसून शिकलेही आहे. परंतु बाई लिहिते म्हणजे ती भावनेच्या भरात लिहिते आणि शास्त्र तिने अजून वाचायचे आहे, हे आपण कशावरून ठरवलेत? मी चौतीस वर्षे एका मिशन रुग्णालयात परिचारिका होते, त्यांतील निम्म्याहून अधिक वर्षे रात्रपाळीला. माणूस पहाटे तीनच्या सुमारास काय बोलतो, हे मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाही. “सिस्टर, आमच्या धाकट्याला तार कराल का?” हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकले याची गणती नाही. पुढे तारेच्या जागी फोन आला, बाकी वाक्य तेच राहिले. त्यांतले कितीतरी जण नियमाने उपासनेला येणारे, मिळकतीचा दशांश मंडळीला देणारे, बायबल उशाशी ठेवणारे होते. तारणाविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांचे डोळे दाराकडे लागलेले असत ते कोणा एका माणसासाठी, आणि तो माणूस बहुधा वेळेत पोहोचत नसे. हे पाहून जे लिहिले त्याला आपण भावना म्हणत असाल, तर खुशाल म्हणा.

आता वहीविषयी. माझे वडील नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांच्याजवळ खरोखरच एक वही होती. सदऱ्याच्या खिशात मावेल एवढी, लाल कापडी पाठीची, दोऱ्याने पेन्सिलीचा तुकडा बांधलेली. किराणा दुकानदार आपल्या वहीत येणे लिहितो. वडिलांच्या वहीत येणे म्हणून एक ओळ नव्हती, सगळे देणे होते. १९७२ च्या दुष्काळातल्या पानावर ‘शेजारच्या आजी, ज्वारी अडीच पायली’ आणि त्याखाली ‘शिंपी, मुलांचे दोन सदरे, शिलाई बाकी’ असे लिहिलेले आहे. त्याच पानावर, त्याच अक्षरात, ‘चौथीतला मुलगा, चोरी त्याची नव्हती, मारले. बापाला सांगणे’ अशीही एक ओळ आहे. देणे फिटले की ते त्या ओळीवर एकच बारीक रेघ मारीत, खालचे अक्षर वाचता येईल अशी.

त्या चौथीतल्या मुलाच्या घरी ते गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होते. मुलाचा बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे आणि नुकताच घरी आला होता. वडिलांनी अंगणातच टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, “तुमच्या पोराला मी विनाकारण मारले, माझे चुकले.” मास्तरांनी असे काही म्हणावे याची त्या माणसाला सवय नव्हती. तो गडबडून घरात गेला, घोंगडी आणून अंथरली आणि त्या दिवसांत, जेव्हा पाणी टँकरने येत असे, त्याने आम्हा दोघांना तांब्याभर पाणी दिले. घरी येताना वडील काही बोलले नाहीत. रात्री कंदिलाजवळ बसून त्यांनी वहीत रेघ मारली.

ते गेले १९८९ मध्ये, घरीच, दहा दिवसांच्या आजारपणानंतर. सातव्या दिवशी त्यांनी वही मागितली. दोन ओळी उरल्या होत्या. एक देणे माझ्या थोरल्या भावाने त्याच दिवशी जाऊन फेडले. दुसरा माणूस गाव सोडून मुंबईला गेला होता, त्याचा ठावठिकाणा कोणालाच ठाऊक नव्हता. वडिलांनी ती ओळ खोडली नाही. “ही आता प्रभूकडे,” एवढे म्हणून त्यांनी वही माझ्या हातात दिली, आणि त्यानंतरच्या तीन दिवसांत तिचे नावही काढले नाही. बंधू, ऋणलेखावरचा विश्वास मी त्या खोलीत पाहिला आहे. जे फेडता येण्याजोगे होते ते ज्याने फेडले, त्यालाच उरलेले इतक्या स्वस्थपणे प्रभूच्या हवाली करता आले.

ऋणलेखासाठी आपण कलस्सैकरांस पत्राचा आधार दिलात, तर त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात तुखिकाबरोबर येणाऱ्या अनेसिमाचे नावही वाचावे. हा तोच अनेसिम, फिलेमोनाचा दास, ज्याच्यासाठी पौलाने फिलेमोनाला स्वतंत्र पत्र लिहिले. त्या पत्रात पौल काय म्हणतो? याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड, मी ते फेडीन, आणि हे मी स्वहस्ते लिहीत आहे. म्हणजे ज्या हाताने ऋणलेख रद्द झाल्याचे कलस्सैकरांना कळवले, त्याच हाताने फिलेमोनाच्या खात्यात आपले नाव घातले! अनेसिमाला देवाने क्षमा केली आहे, तेव्हा फिलेमोनाचा विषय संपला, असे पौलाने म्हटले नाही. त्याने अनेसिमाला त्याच दारी परत पाठवले. जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले तेव्हा येशूने त्याला वहीवरून हिणवले नाही, आज या घराला तारण प्राप्त झाले आहे असे म्हटले. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, ही आज्ञाही त्याचीच. शास्त्र वाचा, असा उपदेश आपण मला केला होता.

आपण असेही म्हटले आहे की, माझ्या हिशेबाने पाहिले तर कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनाही खंत वाटली असेल, कारण त्यांचे काम अपुरे राहिले. अपुरे काम आणि अपुरा सलोखा यांत आपण गल्लत करत आहात. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे महाकाव्य अपुरेच होते, ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. काम दुसऱ्याच्या हातून पुरे होऊ शकते. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार दुभंगला होता, आणि तो पुन्हा जोडण्याचे काम मात्र त्या दोघांनाच करावे लागले, दुसऱ्या कोणाला ते करता आले नसते. त्याला वर्षे लागली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला. घर दोघांच्या हयातीत जोडले गेले, आणि माझ्या लेखात टिळकांचे नाव आले ते त्यासाठी.

आता जे मूळ लेखात लिहिण्याचे धैर्य मला झाले नव्हते, ते आपल्या प्रतिक्रियेमुळे लिहावे लागत आहे. वडिलांची वही माझ्या कपाटात असतानाच मी माझ्या थोरल्या भावाशी नऊ वर्षे बोलले नाही. कारण वडिलांच्या घराची वाटणी. कोण बरोबर होते हे आता सांगण्यात अर्थ नाही, आणि त्या वेळी मला त्याविषयी किंचितही शंका नव्हती हीच माझी मोठी चूक होती. त्या नऊ वर्षांत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रभुभोजन घेतले, म्हणजे शंभराहून अधिक वेळा भाकर हातात घेतली आणि ती घेताना मला कृपेचीच आठवण होत असे, आपण म्हणता अगदी तशी. मग भाऊ झोपेतच प्रभूमध्ये निजला. दफनानंतर वहिनीने मला स्वयंपाकघरात नेले आणि फळीवरचा एक पत्र्याचा डबा दाखवला. दर नाताळला फराळ झाला की तो त्या डब्यात माझ्या वाटणीच्या करंज्या काढून ठेवायला लावी, आणि नव्या वर्षाचा पहिला आठवडा सरला की डबा मुलांपुढे ठेवी. नऊ नाताळ.

मला क्षमा मिळाली आहे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण ती क्षमा मला त्या स्वयंपाकघरात एक दिवस आधी नेऊ शकत नाही. माझ्या मरणाच्या वेळी मला दुसरे काही आठवेल की नाही ठाऊक नाही, तो डबा मात्र आठवेल. असा डबा दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून मी तो लेख लिहिला होता, आणि आपण त्याला दुकानाची वही म्हणालात.

आपल्या प्रतिक्रियेच्या अखेरीस एक वाक्य आहे, ते आपण ओघात लिहून गेलात: “माझेही सख्ख्या भावाशी बोलणे नाही, पण ते मी प्रभूवर सोपवले आहे.” इतर सगळ्या मुद्द्यांपेक्षा मला या वाक्यानेच अधिक अस्वस्थ केले. आपल्या घरातील गोष्टीत तोंड घालण्याचा मला अधिकार नाही आणि हे आगाऊपणाचे वाटले तर वाटू द्या, पण विचारल्यावाचून राहवत नाही. आपला भाऊ मुंबईला जाऊन बेपत्ता झाला आहे का? त्याचा पत्ता आपल्याजवळ आहे ना? पुढचा वाद आपण खुशाल घालू, मी उत्तरे देईन. परंतु त्याआधी त्याच्याकडे जाऊन या.

आपली भगिनी