रात्री निघा, पण उतरायची वेळ बघा

ताई, एकटीने थायलंडला जाणाऱ्या मुलींसाठी मी लेखात दिलेल्या सूचनांच्या यादीवर तुमचे आक्षेप दोन. ‘एकटीने जाताना रात्रीचं विमान टाळा’ हा सल्ला पैसेवाल्यांचा आहे, कारण मुंबई–बँकॉकची स्वस्त तिकिटं रात्रीचीच असतात. आणि असल्या याद्या वाचून मुली घाबरतात.

पहिला मान्य. मी फारच ढोबळ लिहिलं. रात्री निघायला हरकत नाही, बघायची ती उतरायची वेळ. प्रवास साधारण सव्वाचार तासांचा आणि थायलंडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. साडेआठला निघालात तर तिथे सव्वादोन वाजलेले असतात, साडेअकराला निघालात तर सव्वापाच. सव्वापाचला उतरलात तर इमिग्रेशन आणि बॅग उरकेपर्यंत सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातली, शहरात जाणारी एअरपोर्ट रेल लिंक ही ट्रेन सुरू झालेली असते. शहरातल्या फया थाई स्टेशनपर्यंत ४५ बाट, अर्धा तास. मध्यरात्रीनंतर ती बंद.

सव्वादोनला उतरणारंच तिकीट परवडत असेल तर टॅक्सी, पण बाहेर पडताच ‘टॅक्सी, मॅडम?’ म्हणणाऱ्याची नाही. तळमजल्यावरच्या मशीनमधून चिठ्ठी घ्या, तिच्यावरच्या नंबरच्या लेनमध्ये जा. ड्रायव्हरने मागितली तरी चिठ्ठी देऊ नका. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. मीटर ३५ बाटपासून, वर विमानतळाचे ५०, टोल वेगळा. ‘मीटर बंद आहे’ हे बॅग डिकीत जाण्याआधीच कळायला हवं. एकदा बॅग आत गेली की भाव तो ठरवतो.

दुसरा आक्षेप पटत नाही. यादीतल्या निम्म्या गोष्टींचा चोराचिलटांशी संबंधच नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू असतं. परदेशी वापर ॲपमधून आपणच सुरू करायचा. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून रोमिंग इथूनच सुरू करून घ्या, डेटा तेवढा बंद ठेवा. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, तेही फुकट. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘गो डॉट टीएच’ असतं.

यादीतल्या, हॉटेलच्या खोलीच्या दाराखाली लावायच्या रबरी पाचरीला तुम्ही हसलात. दार बाहेर उघडणारं असेल तर ती खरंच निरुपयोगी. आत उघडणारं असेल तर पातळ टोक दाराखाली सरकवा आणि आतून मूठ ओढून बघा. गुळगुळीत फरशीवर पाचर घसरते. खाली ओला करून पिळलेला रुमाल घातला की बहुधा धरते.

आणि ११५५ हा थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर मूळ लेखात राहूनच गेला होता, तो आता घातलाय.