वकीलसाहेबांना त्रास होऊ नये म्हणून

घटस्फोटाची केस चालू आहे आणि तुमचे वकील फोन उचलत नाहीत? अभिनंदन! मोठे वकील मिळालेत तुम्हाला. रिकामटेकडे असते तर उचलला नसता का?

फी रोख द्या. पावती मागू नका, अपमान वाटतो त्यांना.

तारखेला वेळेवर नाशकात सीबीएस बसस्टँडला उतरा आणि कोर्टात जाऊन बसा. साहेब दुसऱ्या कोर्टात असतात. कायमच. पुकारा झाला की ज्युनिअर धावत येईल, तुमच्याकडेच बघून "तुमचं नाव काय मॅडम?" विचारेल आणि मुदतीचा अर्ज देऊन जाईल.

मोबाइलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप मुळीच घेऊ नका. आपल्या केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, मागच्या तारखेला काय झालं तेही दिसतं. साहेब म्हणाले असतात "जज रजेवर होते" आणि तिथे भलतंच निघतं. विश्वास उरला नाही म्हणून एक नातं मोडतोय, दुसरं कशाला मोडायचं?

आणि सही करताना वाचू नका. हे फार महत्त्वाचं. पोटगीच्या अर्जासोबत दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं असतं, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात सांगितलंय. मी त्यासाठी पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, घरभाड्याचा करार, सगळं क्रमाने लावून दिलं होतं. परवा व्हरांड्यात कागद हातात आला. त्यात माझं लग्न निफाडला झालेलं, मला दोन मुलगे आणि नवऱ्याची द्राक्षबाग. माझं लग्न नाशकात झालं, मूलबाळ नाही, नवरा अंबडला कंपनीत सुपरवायझर. द्राक्षबाग असती तर निदान पोटगी तरी बरी मागता आली असती! ज्युनिअर म्हणतो, "टायपिंग मिस्टेक आहे, तुम्ही सही करा, बोर्डावर नंबर येईल." अहो, दोन मुलगे ही टायपिंग मिस्टेक? खाली सही माझी, शपथ माझी. उद्या समोरचा वकील "खोटं शपथपत्र" म्हणून उभा राहिला की उलटतपासणीत साहेब उभे राहणार आहेत का माझ्या जागी? आणि निफाडच्या त्या बाईच्या अर्जात माझा नवरा गेला असेल, तिचं काय?

वकील बदलायचा विचार मनात आणू नका. जुने साहेब ना हरकत देत नाहीत, उरलेल्या फीसाठी फाइल अडवतात. फीसाठी अशिलाची कागदपत्रं अडवता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय. पण सुप्रीम कोर्ट दिल्लीला, साहेबांचं कपाट इथे.

ग्राहक आयोगात जाल? वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये सांगितलं आणि तेही दार बंद झालं.

बास. साहेब, घरात आईलासुद्धा न सांगितलेल्या गोष्टी आम्ही तुमच्या टेबलासमोर बसून सांगतो. तुम्ही मोबाइल बघत "हं, हं" करता आणि दुसऱ्याचा अर्ज आमच्या नावाने छापता. लाज वाटत नाही? वेळ नसेल तर वकीलपत्र घेऊ नका ना! आणि बाकावर बसून "जाऊ द्या, साहेबांना राग येईल" म्हणणाऱ्यांनो, पैसे कोण देतंय? नकला मागा, पावती मागा. ऐकत नसतील तर अधिवक्ता अधिनियम 1961, कलम 35. वकिलांवर कारवाई करणाऱ्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. मी टाइप करायला बसलेय, आणि यात नावं बरोबर आहेत.