निवांतपणाचा वेग ताशी चार मैल

"काही म्हणजे काही करायचं नाही, नुसतं तरंगायचं," असं सांगून नवऱ्यानं लाँग वीकेंडला इंग्लंडातल्या ब्रॉन्स्टनहून नॅरोबोट, म्हणजे कालव्यातून चालणारी अरुंद, लांबलचक बोट, भाड्यानं घेतली. सोबत भारतातून आलेल्या सासूबाई. बुकिंगच्या फोटोत एक बाई छानपैकी पाय पसरून वाईन पीत बसलेली, ती मला अख्ख्या कालव्यावर कुठं दिसली नाही, आणि दिसली असती तर तिच्या एका हातात पाना आणि दुसऱ्यात बोट बांधायच्या खुंट्या ठोकायचा हातोडा असता हे नक्की.

बोट साठ फूट लांब आणि रुंदी सात फूटसुद्धा नाही, कारण इथली लॉक्सच (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली न्यायचे दारवाले हौद) सात फुटी. म्हणजे एकाला बाथरूमला जायचं असेल तर बाकीच्यांनी भिंतीला चिकटायचं. या देशात साधी अल्टो चालवायची तर थिअरी द्या, प्रॅक्टिकल द्या, घाम फुटेपर्यंत आरसे बघा, पण हे पंधरा-वीस टनी लोखंड चालवायला लायसन्स लागत नाही! एक माणूस आला, थोडा वेळ बटणं दाखवली, गुड लक म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या त्या गुड लकमध्येच सगळं आलं होतं पण आम्हाला तेव्हा कळलं नाही.

बोटीला ब्रेक नाही. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा आणि कुलदैवताचं नाव घ्यायचं. रस्त्यावर डावीकडून आणि पाण्यात उजवीकडून जायचं, आणि वर तो सुकाणूचा दांडा उजवीकडं ढकलला की बोट डावीकडं जाणार. नवरा आयटीवाला, तो प्रत्येक वळणावर डोक्यात हिशेब करणार आणि हिशेब पूर्ण होईपर्यंत आमचं नाक झुडपात. मी आत पोह्यांची फोडणी घातलेली, धाडकन आवाज आला, कढई सरकली आणि मोहरी, कढीपत्ता, कांदा सगळं खिडकीच्या लेसच्या पडद्यावर. डिपॉझिटची चिंता मला तिथपासूनच लागली. शेवटी सासूबाईंनी दांडा हातात घेतला आणि बोट सरळ चालायला लागली. "अगं त्यात काय एवढं, तुझ्या सासऱ्यांसारखं आहे. डावीकडं न्यायचं असेल तर उजवीकडं चला म्हणायचं."

वेगमर्यादा ताशी चार मैल. काठाला बांधलेल्या बोटी आल्या की त्याहून हळू, नाहीतर आतून एक डोकं बाहेर येतं आणि "स्लो डाऊन!" ओरडतं. आता याच्याहून स्लो म्हणजे थांबणंच की हो. काठावरच्या वाटेवर पूर्वी बोटी ओढणारे घोडे चालायचे, आता कुत्रा फिरवणारे आजोबा चालतात. असे एक आजोबा आमच्या मागून आले, गुड मॉर्निंग म्हणाले, पुढं गेले, कुत्र्याचा कार्यक्रम उरकला, पिशवीला गाठ मारली, तरी आम्ही मागेच.

आणि हा ऑक्सफर्ड कालवा म्हणजे जेम्स ब्रिंडली नावाच्या कालवे बांधणाऱ्या इंजिनियरची करणी. त्यानं जमिनीची समपातळी धरून, टेकड्यांना वळसे घालत कालवा आखला, म्हणजे बोगदे आणि लॉक्स कमी. स्वतः १७७२ मध्ये वारला, कालवा ऑक्सफर्डला पोचला १७९० मध्ये. उत्तरेकडचा भाग पुढं १८३० च्या दशकात बराच सरळ केला, आमच्या वाटचा दक्षिणेकडचा मात्र अजून तसाच नागमोडी. नॅप्टनच्या टेकडीवर एक पवनचक्की आहे. ती आधी समोर दिसली, मग डावीकडं, मग पाठीमागं, आणि दर वेळी सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "अगंबाई, इथं पण पवनचक्की!" मी काही बोलले नाही.

मधेच इंजिन घरघरलं. बोटीच्या पाण्यातल्या पंख्यात काहीतरी अडकलेलं. इंजिन बंद करून मागचं झाकण उघडायचं आणि गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपायचं. नवऱ्यानं आतून प्लास्टिकची पिशवी, नायलॉनची दोरी आणि कुणाच्यातरी ट्रॅकपँटची एक तंगडी काढली. एकच तंगडी. दुसरीचं काय झालं असेल याची चर्चा जेवण होईपर्यंत पुरली.

मग नॅप्टनची लॉक्स. एकूण नऊ. चढताना बोट आत घ्या, मागचं दार लावा, तो एल आकाराचा पाना घेऊन करकर करकर झडप उचला, पाणी भरेपर्यंत थांबा, मग दाराच्या त्या भल्यामोठ्या लाकडी दांड्याला पाठ लावून ढकला. झडप खाली पाडा, पुढच्या लॉककडं चाला, पुन्हा तेच. पाना मी चालवत होते, सासूबाई दांड्यावर, आणि नवरा काठावरून दोघींना सूचना देत होता. पिकनिकला आलेली मंडळी सँडविच खात आम्हाला बघत होती. त्यातल्या एका काकूंनी मला अगदी प्रेमानं विचारलं, "रिलॅक्सिंग, इझन्ट इट?" माझे दोन्ही हात ग्रीसनं काळे, केसात कढीपत्ता. मी "लव्हली" म्हणाले. इतकी वर्षं या देशात राहून एवढं तरी जमायला लागलंय.

रात्री खुंट्या ठोकून बोट बांधली, अंगाचा एकेक सांधा बोलत होता, आणि नवरा फोनवर उत्साहात, "पुढच्या वर्षी वॉरिकजवळ हॅटनला जाऊया, तिथं ओळीनं एकवीस लॉक्स आहेत!"

सासूबाई गुडघ्याला बाम चोळत म्हणाल्या, "तू हो पुढं. आम्ही दोघी दोन दिवसांनी चालत निघू, तिथं भेटू."